आडव्या खाड्या, उभा रस्ता: सिंधुदुर्ग जिल्हा नीट समजून घेऊ

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी तळाला, गोव्याला टेकून सिंधुदुर्ग जिल्हा आहे. क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, तालुके आठ, किनारा सुमारे १२१ किलोमीटर. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात इतकी कमी माणसं नाहीत, आणि त्यातली बहुतेक सगळी खेड्यांत राहतात. बाहेरच्यांना हा जिल्हा ठाऊक असतो तो हापूस, मालवणी जेवण आणि तारकर्लीचा किनारा यांच्यामुळे.

पण थोडं खोलात गेलं की प्रश्न पडू लागतात. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी अशी जुनी नांदती गावं असताना जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला का? वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कळशी घेऊन वणवण का? तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरचा किल्ला गोव्यात कसा गेला? ज्या वेंगुर्ल्यात डचांनी वखार घातली, ते बंदर आज एवढं शांत का?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. इथलं पाणी पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे नकाशावर आडवं धावतं. हजारभर वर्षं माणसं आणि माल त्याच दिशेने ये-जा करत राहिले, घाटावरून बंदराकडे आणि बंदरातून घाटावर. गेल्या शे-सव्वाशे वर्षांत मात्र माणसांची दिशा बदलली. ती उत्तरेकडे, मुंबईकडे निघाली. जिल्ह्याचा सगळा इतिहास या दोन दिशांच्या ओढाताणीतून वाचला तर लख्ख समजतो.

घाट, सडा आणि मे महिन्यातली विहीर

आधी जमीन बघू. पूर्वेला सह्याद्रीची रांग आहे. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथून समुद्र सरळ रेषेत मोजला तर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. एवढ्या थोड्या अंतरात नद्यांना ही सगळी उंची उतरायची असते. अरबी समुद्रावरून आलेले पावसाचे ढग घाटाला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. म्हणून किनाऱ्यापेक्षा घाटमाथ्यावर पाऊस कितीतरी जास्त. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये तिचं नाव आहे.

आंबोलीची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. हिरण्यकेशी नदी तिथेच उगम पावते, पण ती कोकणात उतरत नाही. ती पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जाते. एकाच गावात पडलेल्या पावसाचं अर्धं पाणी एका समुद्राला आणि अर्धं दुसऱ्या. याच हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या कुंडात एक लहानसा मासा सापडला, २०२० मध्ये त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं शास्त्रीय नाव मिळालं, आणि त्याच्यासाठी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली.

घाटाच्या पायथ्याला वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग या तालुक्यांचा जंगलाचा आणि टेकड्यांचा भाग. मधल्या पट्ट्यात मळे, भातशेती, काजूच्या बागा. आणि समुद्राकडे देवगड, मालवण, वेंगुर्ला, जिथे जमीन एकदम सपाट आणि उघडी होते. हे सडे. सड्यावर पायाखाली असतो तो जांभा.

जांभा समजला की या भागाचं निम्मं गणित सुटतं. मूळ खडकावर लाखो वर्षं भरपूर पाऊस आणि भरपूर ऊन पडत राहिलं की त्यातली सिलिका वाहून जाते आणि लोह, ॲल्युमिनियम यांची संयुगं मागे उरतात. लोहामुळे त्याला तांबडा रंग येतो. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, हवेत राहिला की घट्ट होतो. म्हणून त्याचे सारखे चिरे कापता येतात. घरं जांभ्याची, विहिरींचे कठडे जांभ्याचे, बागेभोवतीचे गडगे जांभ्याचे, आणि विजयदुर्गाचे तटही जांभ्याचे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर याच कातळात प्राचीन माणसांनी आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. रत्नागिरी आणि गोव्यातल्या अशाच कातळशिल्पांबरोबर कुडोपीचं नाव २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं.

पाण्याचं कोडंही इथेच आहे. जांभा म्हणजे दगडाची चाळण. वर पडलेलं पाणी तो धरून ठेवत नाही, खाली सोडतो. खाली चिकणमातीचा थर लागला की पाणी तिथे अडतं, आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. म्हणून जुन्या वाड्या सड्यावर नाहीत, सड्याच्या कुशीत आहेत, जिथे झरा आणि व्हाळ, म्हणजे ओढा, जवळ. पावसाळ्यात आणि नंतर तीन-चार महिने हे झरे वाहतात. मग वरचा साठा संपतो. नद्या आखूड आणि उताराच्या, त्यामुळे पावसाचं पाणी थांबायला त्यांच्याकडेही जागा नाही. घाटात पडलेला पाऊस एका दिवसाच्या आत समुद्रात पोचतो. पाऊस चार महिने आणि वर्ष बारा महिन्यांचं, हा हिशेब जुळवण्यासाठी गावकरी दिवाळीनंतर व्हाळांवर माती-दगडांचे कच्चे बंधारे घालत आले आहेत. त्या पाण्यावर हिवाळ्यातलं दुसरं भातपीक, म्हणजे वायंगण, घेतलं जातं. बंधारे घालणारी तरणी माणसं गावात उरली नाहीत तशी वायंगणी शेतीही कमी झाली. याकडे नुसता पाण्याचा प्रश्न म्हणून बघणं मला अपुरं वाटतं. हा माणसांचाही प्रश्न आहे, आणि पुढे स्थलांतराकडे येऊ तेव्हा तो पुन्हा भेटेल.

खडकाबद्दल आणखी एक नोंद. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा. सिंधुदुर्गात दक्षिणेकडे जाताना हा बेसॉल्ट पातळ होत जातो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक उघडे पडतात. म्हणून राज्याच्या इतर भागांत सहसा न मिळणारी खनिजं इथे मिळतात: रेडीचं लोहखनिज, कासार्डे परिसरातली सिलिका वाळू, कणकवलीजवळचं क्रोमाइट. खाणींवरून दक्षिणेकडच्या गावांत जे वाद पेटतात त्यांची मुळं अशी जमिनीच्या पोटात आहेत.

खाड्या: आधी रस्ता, मग अडथळा

आता नकाशावर उत्तरेकडून खाली बोट फिरवा. रत्नागिरीच्या हद्दीवर वाघोटणची, म्हणजे विजयदुर्गची खाडी. मग देवगडची. मग आचरा. गड नदीची कालावल खाडी. तारकर्ली-देवबागला समुद्राला मिळणारी कर्ली. वेंगुर्ल्याच्या खाली मोचेमाड. आणि शेवटी गोव्याच्या सीमेवर तेरेखोल. किनाऱ्याने चालत निघालेल्या माणसाला दर काही कोसांवर पाणी आडवं येणार, होडी पकडून पलीकडे जावं लागणार, भरती-ओहोटी बघावी लागणार. पण होडीत बसलेल्या माणसासाठी हीच खाडी म्हणजे थेट आतवर नेणारा रस्ता.

खारेपाटण हे याचं उत्तम उदाहरण. आज मुंबई-गोवा महामार्गावरचा एक थांबा म्हणून आपण ते ओलांडून जातो. समुद्रापासून बरंच आत, वाघोटण नदीवरचं हे गाव मध्ययुगात बंदर होतं. इथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इसवी सन १००८ चा आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणं, दान म्हणून लावून दिल्याची नोंद त्यात आहे. दर जहाजामागे सोनं ठरवून देण्याइतकी जहाजं येत होती, हे त्या एका ओळीतून कळतं. घाटावरचा माल खारेपाटणपर्यंत उतरायचा आणि तिथून पाण्याने समुद्रात जायचा. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजं मोठी झाली, आणि बंदराचा मान खाडीच्या मुखाकडे, विजयदुर्गाकडे सरकला.

त्याहून जुना पुरावा कुडाळजवळच्या नेरूरचा आणि वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचा. सातव्या शतकात बदामीच्या चालुक्य घराण्यातल्या विजयभट्टारिका या राणीने दिलेल्या दानांचे ताम्रपट या दोन गावांत मिळाले. एक स्त्री स्वतःच्या नावाने जमिनीची दानं देते आहे, आणि बदामीची सत्ता घाट उतरून थेट या किनाऱ्याच्या गावांपर्यंत पोचलेली आहे. शाळेच्या पुस्तकांत कोकणाचा इतिहास बहुधा शिवकाळापासून सुरू होतो, त्यामुळे हा काळ आपल्या नजरेतून सुटतो, याचं मला वाईट वाटतं.

खाडीच्या मुखाशी नदीची वाळू आणि समुद्राच्या लाटा यांचा कायम झगडा चालू असतो. देवबाग हे गाव या झगड्यातूनच तयार झालं आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माड, घरं, शाळा, देऊळ, आणि आता पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. वाळूची पट्टी स्थिर नसते, ती सरकते, झिजते, कुठे वाढते. दगडी बंधारा घातला की ती जागा वाचते, पण लाटांचा जोर बहुतेक वेळा शेजारच्या जागेवर जातो. देवबागवासीयांची धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची मागणी अगदी रास्त आहे. नुसत्या दगडांनी हा प्रश्न सुटत नाही, हेही तितकंच खरं.

मासेमारीतही किनाऱ्याचा आकार दिसतो. मालवणचा उथळ, वाळूचा किनारा रापणीला सोयीचा. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं. त्याला पुष्कळ हात लागतात, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. यांत्रिक नौका आणि थव्याला घेरून तळाशी आवळली जाणारी मोठी पर्ससीन जाळी आल्यावर बांगडा-तारलीचे थवे किनाऱ्याला लागण्याआधीच पकडले जाऊ लागले, आणि पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीनवाले असा संघर्ष उभा राहिला. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. कागदावरचा नियम समुद्रात किती पाळला जातो, यावरून किनाऱ्यावर आजही तंटे होतात.

दोन जलदुर्ग आणि एक गैरसमज

विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, दोन्ही समुद्राचे किल्ले असले तरी त्यांच्या जागेमागचा विचार वेगळा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातले हे दोन याच जिल्ह्यातले.

विजयदुर्गाचं जुनं नाव घेरिया. मूळ किल्ला शिलाहार राजा भोज दुसरा याच्या काळातला मानला जातो. शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि वाढवला. त्याची ताकद खाडीत होती. उथळ तळाची गुराबं आणि गलबतं खाडीत आतवर जाऊन लपू शकत, मोठ्या तळाच्या युरोपीय जहाजांना ते जमत नसे. जवळच गलबतांच्या दुरुस्तीसाठी खडकात खोदलेली गोदी होती. कान्होजी आंग्रे आणि त्यांच्यानंतर तुळाजी आंग्रे यांच्या काळात या खाडीतून अरबी समुद्रावर वचक बसवला गेला.

या सत्तेचा शेवट वाचताना आजही मन कडू होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्हचं इंग्रज आरमार आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज, असा दुहेरी वेढा पडला. आंग्ऱ्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज तोफगोळ्याने पेटलं, आग पसरली आणि एकमेकांना खेटून उभं असलेलं आंग्ऱ्यांचं जवळजवळ सगळं आरमार जळालं. घरचं भांडण मिटवायला पेशव्यांनी परक्यांना बोलावलं आणि त्यात मराठ्यांचं समुद्रातलं मुख्य बळ गेलं. पुढे याच इंग्रजांनी पेशवाई बुडवली. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, त्यांनी इतर सरदारांना त्रास दिला होता, हे सगळं मान्य करूनही ही किंमत फार मोठी होती असं माझं मत आहे.

सिंधुदुर्गाची गोष्ट वेगळी. इथे खाडी नाही, मालवणच्या समुद्रात कुरटे नावाचं खडकाळ बेट आहे. भोवती पाण्याखाली दडलेले खडक. वाट ठाऊक नसलेलं जहाज त्यावर आपटणार, वाट ठाऊक असलेली होडी अलगद आत येणार. जंजिऱ्याच्या सिद्दीला आणि गोव्याच्या पोर्तुगिजांना शह देण्यासाठी महाराजांनी ही जागा निवडली. नोव्हेंबर १६६४ मध्ये काम सुरू झालं आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बांधकामावर हिरोजी इंदुलकर होते, आणि पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं गेलं. काम नुकतंच सुरू झालेलं असताना, फेब्रुवारी १६६५ मध्ये, महाराज इथूनच आरमार घेऊन कर्नाटकातल्या बसरूरवर गेले.

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. समुद्राच्या मध्ये गोडं पाणी कसं? यामागचं तत्त्व अवघड नाही. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खाली उतरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा किंचित हलकं असल्यामुळे ते खाली साचलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. विहीर त्या थरापुरतीच खोल ठेवली तर पाणी गोडं मिळतं. जास्त खोल खणलं किंवा जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं. किनाऱ्यावरच्या गावांतल्या विहिरींनाही हाच नियम लागू आहे, आणि मोठे पंप लावून उपसा करणाऱ्यांनी तो लक्षात घ्यायला हवा. किल्ल्यात राजाराम महाराजांनी उभारलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, तिथे आजही नित्य पूजा होते.

विजयदुर्गाशी जोडलेला एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गावरून लावला, असं सर्रास सांगितलं जातं, दरवर्षी त्याचा दिवसही साजरा होतो. १८६८ चं ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडमध्येच होते. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिकडूनच सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. ते विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी, मोठी मोहीम घेऊन. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात ते या मोहिमेशी जुळतात. खरी गोष्टही अभिमान वाटावा अशीच आहे. त्या काळातल्या एका महत्त्वाच्या सौर मोहिमेचा तळ या गावात होता, मग चुकीच्या वर्षाचा आधार कशाला?

एकाच पट्टीवर तीन राजवटी

आजचा जिल्हा एकसंध दिसत असला तरी तो वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडलेला आहे. सतराव्या शतकात आतल्या भागात सावंत-भोसल्यांचं वाडी संस्थान वाढलं. किनाऱ्यावर मालवण-सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे, विजयदुर्ग-देवगड आंग्रे आणि नंतर पेशव्यांकडे. वेंगुर्ल्यात १६३०च्या दशकाअखेर डचांनी आदिलशाहीची परवानगी घेऊन वखार घातली होती. पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी करताना त्यांच्या जहाजांना रसद इथून मिळे. शिवकाळाबद्दल वेंगुर्ल्याच्या डचांनी लिहिलेली पत्रं इतिहासकारांना आजही उपयोगी पडतात. वखारीचे पडके अवशेष गावात आहेत, आणि त्यांची आबाळ झाली आहे.

१८१२ मध्ये इंग्रजांनी एकाच वर्षी दोन तह केले. कोल्हापूरकडून मालवण घेतलं आणि सावंतवाडीकडून वेंगुर्ला. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा उत्तरेचा भागही गेला. बंदरं इंग्रजांची आणि मागचा मुलूख संस्थानाचा, अशी वाटणी झाली. इंग्रजांना जमिनीपेक्षा बंदरांची जकात आणि समुद्रावरचा ताबा हवा होता, हे या तुकड्यांच्या आकारावरूनच दिसतं.

तेरेखोलचं कोडंही याच काळात सुटतं. नदीच्या उत्तर तीरावरचा हा किल्ला मूळचा सावंतांचा. १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो जिंकला आणि पुन्हा सोडला नाही. आज गोव्यात असलेले डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सावंतांचेच मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर जुनी हद्द तशीच राहिली, म्हणून तेरेखोल आज नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात मोडतो. पेडण्यात आणि सीमेच्या इकडच्या बांद्यात बोली, दशावतार, देवस्थानं इतकी सारखी का, याचं उत्तरही इथेच आहे. सीमा त्यांच्या मधून उशिरा गेली.

दिशा बदलते

एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याला भरभराट आली, कारण बेळगावचं लष्करी ठाणं आणि दक्षिण महाराष्ट्राचा कापूस यांना समुद्र हवा होता. आधी रामघाटाने आणि मग आंबोली घाटातल्या नव्या गाडीरस्त्याने बैलगाड्यांच्या रांगा बंदरात उतरू लागल्या. आडव्या वाटेचा हा सगळ्यात मोठा काळ. तो संपवला लोखंडी रुळांनी. १८८८च्या सुमारास कॅसलरॉकमार्गे रेल्वे मुरगावपर्यंत पोचली, आणि घाटावरचा माल डब्यांतून थेट गोव्यात जाऊ लागला. वेंगुर्ल्याचं बंदर कुठल्या लढाईत पडलं नाही. माल दुसऱ्या वाटेने गेला, एवढंच झालं.

त्याच काळात मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. वरकस जमीन, एका पावसाचं भात, खोतीची पिळवणूक आणि बंद पडत चाललेला बंदराचा धंदा. माणसं मुंबईला निघाली. त्यांना नेलं आगबोटींनी. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत त्या मुंबईला जायच्या. बहुतेक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात सेवा बंद. गिरणगावात गेलेला गडी चाकरमानी झाला, घर मनीऑर्डरीवर चालू लागलं, आणि शेती बायकांच्या हाती आली. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे १,०३६ स्त्रिया दिसतात त्याचं मोठं कारण पुरुषांचं हे बाहेर जाणं आहे. २००१ मध्ये ८,६८,८२५ असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत कमी झाली, हेही त्याचंच पुढचं पाऊल.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. तोवर दोडामार्गच्या माणसाला कलेक्टर कचेरीत जायचं तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करावा लागे, तोही आडव्या येणाऱ्या नद्या ओलांडत. नव्या जिल्ह्याचं मुख्यालय कणकवली आणि कुडाळच्या मध्ये, महामार्गावर, ओरोसला वसवलं गेलं. कारण १९८१ मध्ये जिल्ह्याचा कणा समुद्र उरला नव्हता, महामार्ग झाला होता. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधू दंडवते यांनी लावून धरलेली कोकण रेल्वे १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाल्यावर खऱ्या अर्थाने मार्गी लागली, आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. रुळ किनाऱ्याने नेले असते तर प्रत्येक खाडीच्या रुंद मुखावर पूल लागला असता. म्हणून ते आतून, नद्या अरुंद आहेत तिथून, टेकड्या पोखरत गेले. कणकवली आणि कुडाळ झपाट्याने वाढली ती यामुळे. मालवण, देवगड, वेंगुर्ला ही एकेकाळची तोंडाची गावं स्टेशनापासून वीस, तीस, पन्नास किलोमीटर दूर पडली, आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यावर त्यांना नवा आधार मिळाला तो पर्यटकांचा.

आंब्याने मात्र आपली जागा सोडली नाही. देवगडच्या कातळावर सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं, इतक्या कष्टाने त्या बागा उभ्या राहिल्या आहेत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या जाती आणि काजूचे ‘वेंगुर्ला’ नावाचे वाण दिले, काजूच्या त्या वाणांनी मधल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांना हात दिला.

उत्तर-दक्षिण जाणारी एक वाट या सगळ्याच्या आधीपासून आहे, घाटाच्या पायथ्याची जंगलपट्टी. कर्नाटक आणि गोव्याच्या रानातून राधानगरीकडे जाणारे वाघ दोडामार्ग-सावंतवाडीच्या याच पट्टीतून जातात, आणि २००२ पासून कर्नाटकातले हत्तीही तिलारीच्या खोऱ्यात उतरू लागले. हत्तींनी माड आणि केळीच्या बागा मोडल्या की शेतकऱ्याचं वर्ष जातं, तेव्हा त्याचा राग समजून घ्यायला हवा आणि भरपाई वेळेत मिळायला हवी. पण ही पट्टी खाणींनी आणि रबराच्या लागवडीने तुकड्यातुकड्यांत तुटली तर प्राणी वस्तीत येणं कमी होणार नाही, वाढेल. २०२० मध्ये तिलारीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचे आदेश केंद्र सरकारला दिले.